तिच्या छातीतली धडधड

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते खाट आवळायचं. रविवार होता, माझी सुट्टी. खाटेची दोरी सैल पडून मधे झोळी झाली होती. कंबर दुखते म्हणून ती तीन दिवसांपासून सांगून राहिली होती. दुपारी जेवण झाल्यावर मी खाट क्वार्टरच्या मागच्या अंगणात काढली अन् पायथ्याची दोरी सोडली. हे काम एका माणसाचं नाही. एकानं ताणायचं, दुसऱ्यानं ताणलेला वेढा अंगठ्यानं दाबून धरायचा. नाहीतर पुढचा ओढेपर्यंत मागचा सुटतो.

"दाब ना जोरानं. जेवली नाही का?"

"दाबूनच तं राहिली."

"याले दाबणं म्हंतेत? माशी बसली वाटते."

"मंग माशीसंगच लगन करा लागत होतं," ती म्हणाली अन् हसली.

चार वेढे झाले अन् तिनं अंगठा सोडला. दोरी सरसर सगळी सैल. माझ्या तोंडात शिवी आली होती. वर पाहिलं तर ती जमिनीवर बसलेली, एक हात मातीवर, एक छातीवर. मानेच्या खोबणीत शीर उडत होती, सरड्याचा गळा हलतो तशी.

"आली का तुझी धडधड?"

"हो. जाईल."

"जाईलच. वयाची हाय ते."

एवढं बोलून मी वेढे पायाच्या अंगठ्यानं दाबत सगळी दोरी एकट्यानं ताणली. ती बसूनच होती. मी तिच्याकडे परत पाहिलं नाही. खाट ढोलासारखी कडक झाली म्हणून हातानं ठोकून पाहिली अन् खुश झालो. त्या खाटेवर तिची पाठ एकदाही टेकली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. भंडाऱ्याकडची दोन एकर कोरडी जमीन भावाला सोडून भिलाईला आलो तेव्हा इथं कारखाना नव्हता, नुसते खड्डे होते. आधी माती उपसली. खुर्सीपारच्या बाजूला तट्ट्याच्या झोपडीत राहिलो. मग भट्ट्यांना पाणी देणाऱ्या पंप हाऊसवर तेल घालायच्या कामाला लागलो अन् दीड खोलीचं क्वार्टर मिळालं. मुलीचं लग्न करून दिलं होतं. राहिलो आम्ही दोघं.

पंपाचं काम मला एका रशियन साहेबानं शिकवलं. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्यानं लोखंडाची सळई घेतली, एक टोक चालत्या पंपाच्या बेअरिंगवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाला लावलं. मग माझ्या कानाला लावलं. आतलं सगळं ऐकू आलं. ग्रीस कमी झालं की बेअरिंग कुरकुरते, बोल्ट ढिला असला की खडखड होते. अन् हौदातलं पाणी खाली गेलं की पंप हवा ओढतो अन् सुसाट पळतो. नवा माणूस म्हणतो, वा, काय जोरात चालून राहिला! तो जोरात नाही, रिकामा पळत असतो. दहा मिनिटं तसाच पळू दिला तर जळतो. हे मी नव्या पोरांना कान धरून शिकवायचो.

आता एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण ती लिहिल्याशिवाय बाकी कळणार नाही.

गावी होतो तोवर महिन्याचे चार दिवस ती बाहेर बसायची. गोठ्याजवळ तिचं वेगळं पांघरूण, वेगळा लोटा. भावजय स्वयंपाक करायची. भिलाईत भावजय कुठून आणावी? पहिल्या महिन्यात मी म्हटलं, बस ना बाहेर, करतो मी भाकरी. दोन दिवस कच्च्या भाकरी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अजी, देवाले समजते तुमची भाकर कशी हाय ते. सरका बाजूले." तेव्हापासून ठरलं. सगळं ती करेल, फक्त देवाजवळचा दिवा तेवढे दिवस मी लावायचा. त्या दिवशी संध्याकाळी ती एवढंच म्हणायची, "आज दिवा तुमी लावा." का म्हणून मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. तीस वर्षांच्या संसारात या विषयावर आमचं बोलणं झालं ते एवढंच, दिव्याचं.

म्हणजे तिचं महिन्याचं माझ्याजवळ पंचांग होतं. मी दिवा लावला की समजायचो.

ती पंचेचाळिशीच्या पुढं गेली अन् पंचांग बिघडलं. कधी दीड महिन्यानं म्हणायची, कधी पंधरा दिवसांत दोनदा. त्याच सुमारास धडधड सुरू झाली. पोळ्या लाटता लाटता एकदम लाल व्हायची, कपाळावर घाम, लुगड्याचा पदर घेऊन वारा घालायची. "छातीत कोणी धावून राहिलं," म्हणायची. चहाला उकळी येईपर्यंत सगळं शांत. परत पोळ्या लाटायला लागायची.

शेजारी एक छत्तीसगढी बाई राहायची, नवरा कारखान्यात कोळसा भाजायच्या कोक भट्टीवर. दोघींची गट्टी होती. ती हसून म्हणाली, "उमर जाथे भैया. मोरो अइसनेच होय रिहिस." वय जातंय, माझंही असंच झालं होतं. त्या बाईचं सगळं ठीक झालं होतं, धडधाकट होती. मीही निश्चिंत.

मला ऐकायची सवय. एक दिवस मी म्हटलं, "थांब, तुझं मशीन पाह्यतो." गजराचं घड्याळ समोर ठेवलं अन् तिच्या पाठीला कान लावला. ती लाजून गोळा झाली.

"सळई नाही आणली का कारखान्यातून?"

"गप. मोजू दे."

मोजलं. धडधड आली तेव्हा शंभराला गेलं अन् थोड्या वेळानं परत ऐंशीवर आलं. माझं स्वतःचं सत्तर-बहात्तर. मी निदान सांगितलं, मोठ्या इंजिनिअरसारखं: "काही नाही. नवी मशीन सुरुवातीले अन् जुनी मशीन शेवटी आवाज करतेच."

"जुनी म्हंता मले?"

"मंग काय, कालच आली का रशियाहून?"

पुढं तिनं "दिवा तुमी लावा" म्हणणं बंद केलं. एक महिना नाही, दोन नाही, दिवाळी गेली, होळी गेली. मी मनात म्हटलं, संपलं, सुटली बिचारी. धडधड मात्र राहिली. राहिली म्हणजे, पहिले यायची अन् जायची, आता ती जाईनाच. सकाळी पाण्याची बादली ठेवून उभी राहिली तरी धाप. मोजलं तर बसल्या बसल्या एकशे दहा. चहा उकळला, गाळला, पिऊन झाला, तरी एकशे दहाच.

हा फरक मी ऐकला होता. माझ्या कानानं ऐकला होता. अन् त्याच्यातून काहीच समजलो नाही.

आणखीही गोष्टी दिसत होत्या. आमची शेगडी म्हणजे जुनी बादली, आतून मातीनं लिंपलेली. तिचा काठ उंदरानं कुरतडल्यासारखा झिजायला लागला. एक दिवस ड्युटीवरून लवकर आलो तर ती भाजक्या मातीचा तुकडा तोंडात टाकत होती. मी म्हटलं, "काहून वं, या वयात डोहाळे?" तिनं तोंडावर हात धरला अन् हसू लागली. दातांवर माती. "चांगली लागते. तुमी खाऊन पाहा." मी चार लोकांत हा किस्सा सांगून हसवलं.

मग माझं जुनं धोतर हरवलं. त्यानंतर ड्युटीचा फाटका खाकी सदरा.

"भांडेवालीले देल्ला," ती म्हणाली.

"भांडं कुठं हाय मंग?"

"वाटी देल्ली तिनं. फुटली."

"पितळेची वाटी फुटते का?"

"तुमच्या सदऱ्याले काचेचीच भेटली! तुमाले काय कमी पडलं? एका फाटक्या सदऱ्यासाठी भांडता." अन् रागानं आत गेली. बायकोला उत्तर सापडलं नाही की ती रागावते, असं समजून मी जिंकल्यासारखा बिडी पीत बसलो.

उन्हाळा संपता संपता मी तिला दवाखान्यात नेलं. नेलं, हे मी नेहमी सगळ्यांना सांगायचो, नेलं होतं म्हणून. पुढचं सांगायचो नाही.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याच्यावर माझा काही बोल नाही. ती पदर कपाळाच्या खाली ओढून स्टुलावर बसली, जमिनीकडे पाहत. त्याला तिचं नाकच दिसलं असेल, डोळे नाही. त्यानं नळी लावली, ऐकलं अन् तिला विचारलं, "माताजी, महीना कैसा आता है? ज्यादा जाता है क्या?"

आमच्यात बाई परक्या पुरुषाला असं काही सांगत नाही. नवरा सोबत असला की नवरा बोलतो. मी बोललो.

"बंद हो गया साहब. साल हो गया."

"उनसे पूछ रहा हूँ. पक्का बंद है?"

"पक्का, साहब. हम को मालूम नहीं रहेगा क्या?"

खोलीत कंपाउंडर होता, दोन-तीन रोगी दाराशी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. पदराखालून, थोडंसंच. मला वाटलं लाजली, की नवऱ्यानं चारचौघांत असं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, बंद होताना अन् त्यानंतर काही दिवस असं होतं, दिल भागतो, गरमी होते, धीरे धीरे ठहर जाता है. आराम करू द्या, गोळ्या द्या, नाही थांबलं तर परत आणा. मी सांगितलं तसं त्यानं समजून घेतलं. दुसरं काय करेल?

रस्त्यात मी म्हटलं, "आयकलं ना? ठहर जाते म्हंते."

ती म्हणाली, "हो." थोडं चालून परत म्हणाली, "तुमी सांगतलं तं तसंच असंन."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं अन् सोडून दिलं. आता रोज ऐकतो.

त्या रविवारी संध्याकाळी मी नवी आवळलेली खाट आत घेतली अन् बाहेर येऊन बसलो. आत काडी ओढल्याचा आवाज आला. दिवा लावून राहिली. मग तांब्या पडल्याचा आवाज. मग काही नाही. मी हाक मारली, "काय पाडलं वं?" आत गेलो तर ती देवासमोर एका कुशीवर, अन् दिवा लागलेला.

शेजारचा कोक भट्टीवाला अन् मी तिला रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अजून उजेड होता. केरळची एक सिस्टर होती, वयस्क. तिनं पहिलं काम केलं ते बायकोच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू कागदासारखी पांढरी होती. मी ती पापणी आयुष्यात कधी ओढून पाहिली नव्हती.

"कितना दिन से खून जा रहा है, बाबा?"

"कौन सा खून? बंद है, सिस्टर. साल हो गया."

तिनं मला धरून बाजूला नेलं अन् लुगडं दाखवलं. मागून गुडघ्यापर्यंत. मी सगळा रस्ता तिला धरून आलो होतो अन् मला वाटलं होतं तांब्यातलं पाणी सांडलं.

"ये आज का नहीं है," सिस्टर म्हणाली. "महीनों का है. बदन में खून बचा ही नहीं. दिल इसलिए भागता था."

तिला पुढं काही सांगावं लागलं नाही. मला समजलं. दुसऱ्या कोणाला समजलं नसतं एवढं समजलं. हौदात पाणी नव्हतं.

मी बाही वर केली, म्हटलं माझं घ्या, दोघांचं घ्या. त्यांनी कोक भट्टीवाल्याचं अन् माझं बोट टोचून नमुना घेतला. आम्ही बाकावर बसून वाट पाहत होतो, बाही वरच होती. सिस्टर परत आली तेव्हा हातात काही नव्हतं. तिनं येऊन माझी बाही खाली केली. त्यावरूनच समजलो.

घरी आणलं तेव्हा शेजारीण दारातच उभी होती. ती रडून राहिली होती, पण माझ्याकडे पाहून रडणं थांबलं अन् तिला राग आला.

"भैया, तैं सच्ची म नइ जानत रहे?"

खरंच माहीत नव्हतं, मी म्हटलं.

मग तिनं सांगितलं, भिंतीला टेकून, अर्धं हिंदीत अर्धं आपल्या बोलीत. वर्षापेक्षा जास्त झालं, माझ्या बायकोच्या अंगावरून जाऊन राहिलं होतं. पंधरा पंधरा दिवस. पहिले ती मला दिवा लावायला सांगायची, पण मी तीन शिफ्टवाला. दुपारच्या शिफ्टला असलो की देव अंधारात. पंधरा दिवस देव अंधारात कसा ठेवायचा म्हणून एक दिवस तिनं भीत भीत स्वतःच लावला. मग रोजच लावू लागली. अन् त्यानंतर धडधड जी बसली ती हटली नाही. तेव्हा तिनं समजून घेतलं की ही शिक्षा आहे. विटाळाच्या हातानं देवाला शिवली म्हणून छातीत कोणी धावते.

"मैं बोलेंव, भैया ला बता. डॉक्टर ला बता."

"मंग? काय म्हणाली?"

"बोलिस, वो तो सबके सामने बोल दिये कि बंद है. अब मैं उनको झूठा बनाऊँ क्या?"

मी तिथंच पायरीवर बसलो. घरात बायका जमल्या होत्या. तिच्या उशाशी कोणीतरी दिवा ठेवला होता.

सकाळी लोक आले. मुलीला तार केली होती, ती दुपारच्या पॅसेंजरनं उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. बायका तिला आंघोळ घालायच्या तयारीला लागल्या. मला म्हणाल्या, न्हाणीतून पाणी भरून द्या अन् बाहेर जा. मी न्हाणीत गेलो. ड्रमच्या मागं एक बादली होती, तिच्यावर घमेलं उपडं घातलेलं. मी ते घमेलं रोज पाहत होतो. कधी उचललं नव्हतं. न्हाणीतला तो कोपरा तिचा होता.

उचललं.

बादलीत कापडं भिजत होती, रविवारची. पाणी लाल काळं. त्यात माझं धोतर होतं, हातभर हातभर फाडलेलं. खाकी सदरा होता, त्याचा खिसा तसाच शिवलेला. मुलीच्या लहानपणच्या दुपट्याचे तुकडे होते. मी पाणी ओतलं अन् नळ सोडला. ड्युटीच्या तेलकट कपड्यांसाठी साबण होता, तो घेतला. बसलो अन् धुवायला लागलो. धोतराचे तुकडे, दुपट्याचे, सदऱ्याचे, एक एक. असं पुरुष करत नाही, हे मला माहीत होतं. पहिलं पाणी लाल गेलं, दुसरं गुलाबी. मी स्वच्छ येईपर्यंत धुतलं.

शेजारीण पाण्यासाठी आली अन् दारात थबकली. "ये का करथस भैया? बाहर आदमी मन बइठे हें."

"बसू दे."

ती हे तुकडे कुठं वाळवायची ते मला आता समजत होतं. दोरीवर लुगड्याच्या घडीखाली झाकून, नाहीतर रात्रभर न्हाणीतच, जिथं ऊन लागत नाही. मी पिळलेल्या तुकड्यांची बादली घेऊन समोरच्या दारानं निघालो. पुढं रस्त्याकडेला तार होती, तिच्यावर आम्ही माझे ड्युटीचे कपडे वाळवायचो. बाहेर पंधरा-वीस माणसं बसली होती, पंप हाऊसची, गावाकडची.

एक एक तुकडा झटकला अन् तारेवर टाकला. कशाखाली झाकला नाही. खाकी सदऱ्याचा तुकडा शेवटी टाकला, खिसा वर करून. ऊन चांगलं आलं होतं. मी तिथंच तारेजवळ उभा राहिलो, वाळेपर्यंत.